पहिली ऑइल कॉपी: राउसडालचं हार्लेम की कॉन्स्टेबलचे ढग?

ऑइलमध्ये पहिल्यांदाच एखाद्या जुन्या मास्टरचा लँडस्केप कॉपी करायचा तर घ्यायचा कुठला? मी दोन्ही केलेत म्हणून लिहितेय. एक म्हणजे डच चित्रकार याकोब व्हान राउसडालचं हार्लेम शहराचं दृश्य, साधारण १६७०-७५ मधलं, हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहे. दुसरं इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचे ढगांचे स्टडी, १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला केलेले. दोन्हीकडे खरं काम आकाशाचंच.

राउसडालचं चित्र फोटोत प्रचंड वाटतं पण आहे फक्त ५५.५ बाय ६२ सेंटीमीटर, घरच्या ईझलवर आरामात बसतं. वाळूच्या टेकड्यांवरून दिसणारं गाव, क्षितिजावर सेंट बाव्होचं चर्च, अलीकडे पांढरं व्हायला उन्हात पसरलेलं लिनन, आणि दोन तृतीयांश नुसतं आकाश. हे थरांत करायचं: आधी पातळ अंबरमध्ये (मातकट तपकिरी रंग) फक्त उजेड-सावली, ते वाळलं की रंग, शेवटी ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर. मला याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो हा की एका वेळी एकाच गोष्टीशी झगडायचं असतं, टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, जमलाय का एवढंच बघा, निळा कुठला ते नंतर.

त्या लिननच्या पट्ट्यांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. मी तिथे सरळ ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट लावला आणि कापड जमिनीवर न राहता कागद चिकटवल्यासारखं पुढे आलं, मग त्यात चिमूटभर यलो ओकर (मातकट पिवळा) घालून पांढरा खाली आणला, आजूबाजूचं गवत गडद केलं, तेव्हा कुठे तिथे ऊन पडलं.

पण वेळ लागतो हो. ऑइल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, अंबर एक-दोन दिवसांत वाळतो कारण त्यातलं मँगनीज वाळणं वाढवतं, पण पांढऱ्याचे जाड ढग आठवडाभर बोटाला लागतात आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. आणि खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वर जाताना जवसाचं तेल जास्त, हा नियम मोडू नका. मी एकदा उलटं केलं होतं, सहा महिन्यांत ढगाला बारीक तडे गेले, फार वाईट वाटलं.

कॉन्स्टेबलचं उलट आहे. लहान कागद, एक बैठक, ओल्यावर ओला रंग. तो कागदाच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून येतोय ते लिहून ठेवायचा, आकाश बदलायच्या आत संपवायचं म्हणून ब्रश कसा धावलाय ते अजून दिसतं. रविवारची एक सकाळ मिळाली तरी पुरते. कागदाला जेसो (रंगाआधीचं पांढरं अस्तर) मात्र लावाच, नाहीतर तेल कागद खाऊन टाकतं.

फक्त टोन, रंग, कडा सगळं एकदम ठरवावं लागतं. ओल्या निळ्यावरून पांढरा ओढला की निळा ब्रशला चिकटून वर येतो, दोन-तीनदा फिरवलात की ढगाचा चिखल होतो. प्रत्येक स्ट्रोकनंतर ब्रश पुसायचा आणि लावलेलं परत चाळवायचं नाही, हे हाताला कळेपर्यंत माझे सात-आठ कागद गेले.

घरात ओला कॅनव्हास धूळ न बसता ठेवायला कोपराच नसेल, तर कॉन्स्टेबल घ्या, वाईट काहीच नाही त्यात. पण जागा असेल तर माझं मत राउसडाल आधी. स्वतः कॉन्स्टेबलने राउसडालच्या कॉप्या केल्यात, त्यावरून काय ते समजा. मॉरित्सहाउसच्या साइटवर मोठा फोटो फुकट मिळतो, तो ब्लॅक अँड व्हाइट करून शेजारी लावा आणि आख्खं चित्र नका धरू, चर्च आणि त्याच्यावरचा ढग एवढाच तुकडा २० बाय २५ सेंटीमीटरवर काढा.