उजवा स्पीकर बंद, तरी गाणं पूर्ण: आठ महिन्यांनंतर

‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’, मार्विन गे आणि टॅमी टेरेल, १९६७. गाणं सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं, त्यामुळे ओळख करून देत नाही. मी ते गेले आठ महिने जवळपास रोज ऐकतोय, आणि त्याचं कारण रसिकता नाही, माझी गाडी आहे.

डेट्रॉइटजवळ राहतो, रोज येऊन-जाऊन तासभर ड्रायव्हिंग. एप्रिलमध्ये गाडीतले उजव्या बाजूचे स्पीकर मुके झाले. सर्व्हिस सेंटरवाल्याने नुसतं तपासायचे १४० डॉलर घेतले आणि सांगितलं, ‘अख्खा रेडिओ बदला, ६८०.’ एवढ्या पैशांत मी पुण्याला जाऊन यायच्या तिकिटाला निम्मा हात लावतो. तपासणीचे पैसे तरी बिलातून वजा करा म्हटलं, तर ‘ते वेगळे’. त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घातली आणि गाडी तशीच घेऊन आलो.

मग रोज अर्धवट गाणी. कुठे गिटार गायब, कुठे गाणाराच गायब. हे गाणंही आधी असंच काहीतरी हरवल्यासारखं लागायचं. ‘एवढं काय आहे त्यात?’ असं बायकोला म्हटल्याचं आठवतं. मग कळलं की ॲपवर स्टीरिओ आवृत्ती लागतेय, म्हणजे काही आवाज डाव्या स्पीकरला, काही उजव्याला. मूळ सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड, मोनो होती: दोन्ही बाजूंना सगळं सारखंच. ती शोधून लावली आणि एकाच बाजूने अख्खं गाणं अंगावर आलं. हे गाणं काढणारी डेट्रॉइटची रेकॉर्ड कंपनी मोटाऊन. मोटाऊनवाले तेव्हा तयार गाणं मुद्दाम छोट्या स्पीकरवर वाजवून बघत, गाडीच्या रेडिओवर कसं लागेल ते कळावं म्हणून. म्हणजे माझी मोडकी गाडी हेच या गाण्याचं खरं गिऱ्हाईक! १४० डॉलरचं दुःख तिथे थोडं हलकं झालं.

पहिला महिना मी फक्त बास गिटार ऐकली. ती वाजवणारा जेम्स जेमरसन उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. तालाबरोबर चालता चालता मधेच असा काही वळसा घेतो की स्टिअरिंगवर बोटं आपोआप चालू होतात. आणि एवढ्या माणसाचं नाव मोटाऊनने १९७१पर्यंत रेकॉर्डवर छापलं नव्हतं. याचा राग मला अजून येतो. तपासणीची फी बरोबर वेगळी छापता येते लोकांना.

मग एका शनिवारी वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या मोटाऊन म्युझियमला गेलो. साधं दुमजली घर, आणि मागे स्टुडिओ ए, जिथे मोटाऊनची गाणी रेकॉर्ड व्हायची. छतातून केबली लोंबायच्या म्हणून वादक त्याला सापांचं बीळ म्हणत. परत येऊन थोडं वाचलं आणि मूडच गेला. टॅमीने आपला भाग आधी, एकटीने गायला होता. मार्विनचा आवाज नंतर वर चढवला. दोघं समोरासमोर नव्हतीच! जुन्या हिंदी युगुलगीतांत दोघं एका माइकपुढे उभे राहून गायचे, आणि इथे प्रेमाचं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे दोन शिफ्टमध्ये केलेलं काम? फसवल्यासारखं वाटलं. दोन आठवडे लावलंच नाही.

पुन्हा लावलं ते सिग्नलला, चुकून. ऐकताना लक्षात आलं: सुरुवात मार्विन करतो. नंतर आलेला माणूस आधी बोलतो, आणि त्याने जणू हाक मारली म्हणून ती उत्तर देते. तिच्या ओळींच्या फटीत तो हळूच दिलासा टाकून जातो. तिने फट सोडली होती, त्याने ती मोजून भरली. टेपवरच्या बाईचं इतकं नीट ऐकणारा पुरुष मला समोरासमोरच्या संसारातही फार दिसलेला नाही. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग तू पण टेप लावून ऐक माझं.’

मत बदललं, हे मान्य.

एक गोष्ट मात्र आता कानातून जात नाही. गाणं एप्रिलमध्ये आलं आणि ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात टॅमी स्टेजवरच मार्विनच्या हातांत कोसळली. मेंदूत गाठ. मार्च १९७०मध्ये ती गेली, चोवीस वर्षांची. गाण्यात मात्र ती अशी गाते, की हाक मारलीत तर चप्पल न घालता धावत येईल.

डायना रॉसने १९७०मध्ये हेच गाणं पुन्हा गायलं, तेही लावून पाहिलं. ते अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, आपलं हे एकोणिसाव्यावरच थांबलेलं. पण त्यात बोलणंच जास्त, गाणं सुरू व्हायची वाट बघेपर्यंत माझा एक्झिट येतो. हे २ मिनिटं २८ सेकंदांत आटपतं. तक्रार असलीच तर हीच, की फार लवकर आटपतं.

स्पीकर अजून तसाच आहे. सर्व्हिस सेंटरचा मेसेज आला, पंधरा टक्के सूट. बायको म्हणते करून टाक, तिच्या बाजूला नुसती काच खडखडते. टायर बदलायला जाईन तेव्हा विचारेन, पण शंभरच्या वर एक डॉलर देणार नाही.