मुतखडा कुठला ते आधी शोधणारा दवाखाना (रत्नागिरी)

मुलगा ११ वर्षांचा असताना पहिला मुतखडा झाला, नंतर ३ वर्षांत अजून दोन. दर वेळी तेच, पोट धरून लोळायचा, सलाईन, सोनोग्राफी, एकदा तर दुर्बिणीने काढावा लागला आणि घरी सोडताना पाणी भरपूर पी, टोमॅटो पालक बंद एवढंच. त्या आधीच्या हॉस्पिटलने काढलेला खडा टाकून दिला, तो तपासायचा असतो हे आम्हाला तरी कुठे माहीत. घरी कुळथाचं कढण, पानफुटी सगळं करून झालं.

इथे डॉक्टरांनी आधी विचारलं, लग्न नात्यातलं का? मी चपापलेच, कारण मी ह्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. मग लघवी मायक्रोस्कोपखाली बघितली, षटकोनी स्फटिक होते, मला पण दाखवले. पुढचा बारीक खडा गाळणीत धरायला सांगितला, तो मुंबईला तपासायला गेला आणि रिपोर्ट आला सिस्टीनचा, म्हणजे प्रथिनांतल्या एका घटकाचा. आजार सिस्टिन्युरिया. आईबाप दोघांकडून बिघडलेला जीन आला की किडनी सिस्टीन परत शोषून घेत नाही, ते लघवीत नीट विरघळत नाही आणि खडे होतात. आम्हा दोघांना कधी काही त्रास नाही, पण आमच्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. धाकटीची लघवी पण लगेच तपासून घेतली, ती सुटली, मी तिथेच रडले.

टोमॅटो पालकाचं पथ्य दुसऱ्या जातीच्या खड्यांसाठी असतं, म्हणजे ३ वर्षं पोराला टोमॅटोसाठी ओरडले ते फुकटच! आता मीठ कमी, त्यामुळे खारी सुकी मासळी आणि लोणचं बंद, लघवीचा आंबटपणा कमी करणारं पोटॅशियम सायट्रेट चालू, लघवीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी) ७ च्या वर राहतोय का ते घरीच पट्टीने बघतो आणि पाणी एवढं की दिवसाला ३ लिटर लघवी झाली पाहिजे, रात्री २ चा अलार्म लावून मी त्याला उठवते कारण झोपेतच लघवी घट्ट होते. प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया म्हणून दुसरा एक आनुवंशिक आजार असतो, त्यातही खडेच होतात, बिघाड लिव्हरचा पण किडनी निकामी होऊ शकते, औषधं पण वेगळी, म्हणून खडा कुठला ते कळायलाच हवं असं डॉक्टर म्हणाले.

एक स्टार कापला कारण नंबर लावूनही ३ तास बसावं लागतं आणि लिफ्ट नाही. जाताना जुने रिपोर्ट न्या, खडा जपून ठेवला असेल तर डबीत घालून तो पण न्या.