आयएनएस तीर बघून आलो: भुसावळच्या एका रिटायर्ड ड्रायव्हरचा अभिप्राय

नोकरीची सगळी वर्षं रेल्वेचं इंजिन चालवण्यात गेली, त्यातली बरीचशी मालगाडीवर, भुसावळ ते इगतपुरी. पाण्याशी संबंध काय तो खंडवा लाइनीला तापीचा पूल लागतो तेवढाच. पण नात बारावीला आहे, तिला एनडीएची परीक्षा द्यायचीय. नौदल दिनाच्या आसपास कोचीला जहाजं लोकांना बघायला खुली करतात, हे तिनेच शोधून काढलं. इथून मंगला एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला जाते. भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या डब्यात भरल्या आणि निघालो तिघं: मी, नात आणि आमच्या मंडळी.

तीर हे माझगाव डॉकमध्ये बांधलेलं, १९८६ साली नौदलात आलेलं, खास कॅडेटना, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्यांना, शिकवण्यासाठीचं जहाज. मला वाटलं, ट्रेनिंग स्कूलच्या आवारात जुनं इंजिन उभं करून ठेवतात तसलं काहीतरी असेल. हँडल फिरवा, मास्तर मार्क देतील, गाडी काही हलणार नाही. पण हे जहाज पोरांना घेऊन पार परदेशी बंदरांपर्यंत जातं. मागे हेलिकॉप्टर उतरायला मोकळी जागा आहे, तोफा आहेत. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये लक्षद्वीपजवळ याच तीरने कोस्ट गार्डच्या समर जहाजाबरोबर २८ सोमाली चाचे पकडले. त्यांच्या ताब्यातल्या मच्छीमार बोटीवरचे २४ खलाशी सोडवले. शिकाऊंच्या जहाजाने!

हे मला फार आवडलं. कारण असं, की मी असिस्टंट ड्रायव्हर असताना हॉट अ‍ॅक्सल (चाकाचा आस घासून तापणं) म्हणजे काय ते पुस्तकात तोंडपाठ केलं होतं. पण नांदगावच्या अलीकडे, रात्रीच्या मालगाडीवर, खिडकीतून जळक्या ग्रीसचा वास आला तेव्हा ते खरं कळलं. माझे ड्रायव्हर साहेब काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, ‘साहेब, गाडी थांबवू या.’ तेव्हा कुठे त्यांनी ब्रेकला हात घातला. वास त्यांना माझ्या आधीच आला होता, हे नंतर चहा पिताना कळलं. पुढे सिम्युलेटर, म्हणजे सरावाची नकली इंजिनं, आले. चांगलेच आहेत, पण त्यात वास येत नाही.

शंका मात्र आहे, ती लिहितोच. शिकवायचं जहाज म्हटलं की झोपायच्या जागा जास्त, वर्ग, मोठी मेस. गस्तीचं म्हटलं की वेग हवा, डेक मोकळा हवा, लांब पल्ल्याचं इंधन हवं. एका पोटात दोन्ही किती मावणार? तीरचा कमाल वेग १८ नॉट, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर. एवढ्या वेगाला आम्ही ‘रेंगाळली’ म्हणायचो. तीरच्याच ट्रेनिंग स्क्वाड्रनमधलं, म्हणजे शिकवणाऱ्या जहाजांच्या ताफ्यातलं, सुजाता हे उलट्या वाटेने आलेलं. विशाखापट्टणमला गस्तीसाठी बांधलेलं, १९९३ चं, आता कॅडेटना शिकवतं. त्याची इंजिनं १२,८०० अश्वशक्तीची, वेग २१ नॉट. आमच्या एका डब्ल्यूएजी-९ चे, म्हणजे मालगाडीच्या विजेच्या इंजिनाचे, ६,१२०. म्हणजे दोन लोको जोडूनही थोडे कमीच पडतात. हे गणित मी जेट्टीवरच केलं आणि मंडळींना ऐकवलं. त्या म्हणाल्या, ‘ते राहू द्या हो, एवढी पोरं आत झोपतात कुठं?’ खरा प्रश्न तोच होता. गस्तीच्या जहाजात शिकाऊंची सोय करायची म्हणजे आमच्या ब्रेकव्हॅनमध्ये, गार्डच्या छोट्या डब्यात, अख्खी बॅच बसवायची.

म्हणून आधीपासूनच दोन्ही डोक्यात ठेवून बांधलेलं बरं. मार्च २०२३ मध्ये तीन नव्या कॅडेट ट्रेनिंग जहाजांचा ३,१०८ कोटींचा करार झाला, चेन्नईजवळच्या कट्टुपल्लीला एल अँड टीकडे. पोरापोरींना समुद्राचं शिक्षण, शिवाय लोकांची सुटका, शोधमोहीम, आपत्तीत मदत, अशीही कामं त्यांच्याकडे असणार आहेत. ‘पोरींना’ हे नातीने मला दोनदा ऐकवलं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ओळखपत्र जवळ ठेवा. आणि शिड्या उभ्या असतात, इंजिनाच्या पायऱ्यांहून वाईट. गुडघे बोलत असतील तर वरच्या डेकवरच समाधान माना. मी उतरलो, वर येताना एका पोरसवद्या नौसैनिकाने हात दिला. बाहेर एका टपरीवर चहा घेतला तो नुसता साखरेचा पाक होता, तिकडे फिरकू नका.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक मार्क वेगाचा कापला. नातीला पाच द्यायचे होते. मी म्हटलं, ‘तू आधी परीक्षा पास हो, मग तुझे पाच मोजू.’ ती अजून रुसलेली आहे.