परंपरागत कृषी विकास योजना: कुळागरातले एकोणीस महिने

गोव्यात डोंगराच्या पायथ्याशी आमचे कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची पोफळीची मिश्र बाग आहे, ६ हजार चौरस मीटरची. पोफळी, माड, साळदाटी आणि रसबाळी केळी, पोफळींवर चढवलेली मिरी, पाटाच्या कडेला दोन जायफळी. परंपरागत कृषी विकास योजनेत येऊन मला एकोणीस महिने झाले. हल्ली गावातले कोणी ना कोणी वाटेत थांबवून विचारते, "वहिनी, पैसे खरेच येतात का?" येतात. पण ते कोणत्या वाटेने येतात हे मला आधी कोणी सांगितले असते, तर माझे निदान सात-आठ महिने वाचले असते. म्हणून सविस्तर लिहिते.

ही योजना केंद्राची. २०१५ पासून चालू आहे, आमच्याकडे खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलते. शेतकऱ्यांचा गट करून तीन वर्षांत रासायनिक शेतीतून जैविककडे वळायचे. हेक्टरी ३१,५०० रुपये ऐकून पुष्कळांना वाटते की एवढे हातात पडतील. तसे नाही. त्यातले १५ हजार शेतकऱ्याच्या खात्यात येतात, तेही निविष्ठांसाठी, म्हणजे खते, जीवामृताचे सामान वगैरे. बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीवर खर्च होतात. माझे क्षेत्र ०.६ हेक्टर, म्हणजे तीन वर्षांचे मिळून ९ हजार. वर्षाला ३ हजार. शेणखताच्या एका टेम्पोत ते संपतात. एवढ्याच आशेने येणाऱ्याने येऊ नये, असे मी स्पष्ट सांगते.

आता कागदांचे. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर अजून माझ्या सासऱ्यांचे नाव आहे. ते जाऊन अकरा वर्षे झाली. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली नाही. एक दीर मुंबईला, एक नणंद लिस्बनला, दुसरी फोंड्याला. गोव्याच्या कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, लग्नाबरोबर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा होतो, वारशाने आलेल्याही. मुलीचा हक्क मुलाइतकाच. आम्हा बायकांसाठी हा कायदा मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण अर्जाच्या खिडकीपाशी तो कायदा कोणी पाहत नाही, उताऱ्यावरचे नाव पाहतात. गेली चौदा वर्षे पाटाला पाणी सोडणारी मी, आणि मीच शेतकरी असल्याचे पटवायला मला तिघांची नाहरकत पत्रे आणावी लागली. लिस्बनचे पत्र यायलाच अडीच महिने गेले. फोंड्याच्या वन्संनी मात्र त्याच दिवशी सही करून दिली, वर म्हणाल्या, "कुळागर तूच राखलेस, पत्र कसले मागतेस?"

ज्यांची इन्व्हेंटरी राहिली आहे त्यांनी योजनेची वाट न पाहता आधी ती नाहरकत पत्रे तरी करून ठेवावीत. कुळांनी उताऱ्यातला कुळाचा रकाना तपासून घ्यावा, नाव नसेल तर पुढे सगळीकडे अडते.

दुसरी अडचण खात्याची. पहिला हप्ता जमा झाल्याचे यादीत दिसत होते आणि माझ्या पासबुकात एक रुपया नव्हता. पाच महिने मी कार्यालयात जात होते, तिथली मुलगी प्रत्येक वेळी यादी उघडून दाखवायची, माझ्या नावापुढे "जमा" लिहिलेले. ती खोटे बोलत नव्हती. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाही, आधार क्रमांक शेवटचा ज्या बँकेशी जोडला गेला तिथे जातो. माझा आधार गॅसच्या अनुदानासाठी उघडलेल्या एका जुन्या खात्याला जोडलेला होता, आणि ते खाते मी विसरूनही गेले होते. पैसे तिथे पडून होते. आधारच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक कोणत्या बँकेला जोडलेला आहे ते दोन मिनिटांत दिसते. अर्ज भरायच्या आधी एवढे नक्की पाहा.

या योजनेत मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे पीजीएस ही प्रमाणीकरणाची पद्धत. प्रमाणपत्र देण्यासाठी बाहेरची कंपनी येत नाही, गटातलेच शेतकरी एकमेकांची शेते तपासतात. माझ्याकडे तिघे आले होते, सगळे बागायतदार. त्यातल्या एका काकांनी पोफळीच्या बुडातल्या कुजक्या झावळ्या काठीने बाजूला केल्या, खाली बसले आणि ओंजळभर माती उचलून नाकाशी नेली. त्या ओंजळीत चार गांडुळे. ते काही बोलले नाहीत, माती होती तिथे ठेवून वर झावळी ओढली. नंतर वहीत बराच वेळ लिहीत होते.

त्याच दिवशी आमची एक चूकही निघाली. वरच्या बाजूला शेजाऱ्याची काजूची बाग आहे, तिथे तणनाशक मारतात आणि पहिल्या पावसाचे पाणी आमच्या कुंपणातून थेट आत येते. मला हे सुचलेच नव्हते. गटाने सांगितले, वरच्या कडेला चर खणा आणि तिथल्या दोन रांगांची सुपारी वेगळी ठेवा. चर खणला. आता पाणी बाहेरून जाते. कागदावर सही करणारा परका तपासनीस असता तर त्याच्या हे लक्षात आले असते, असे मला वाटत नाही.

कोळेरोगाचा प्रश्न मात्र कठीण आहे. आषाढात झड लागली की कोवळ्या सुपाऱ्या कुजून खाली पडतात, आणि त्यावर आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. जैविक शेतीत मोरचुदातल्या तांब्याला पूर्ण बंदी नसली तरी ते मर्यादेत वापरायचे असते. गटाशी बोलून, वहीत नोंद करून मी पावसाआधी एकदाच फवारले, उरलेल्या घोसांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. चढायला पाडेली वेळेवर मिळाला नाही, काही घोस गेले. योजनेत खताच्या बिलाला पैसे आहेत, झाडावर चढणाऱ्याच्या मजुरीला नाहीत. कुळागर मजुरीवरच उभे असते.

माझी खरी तक्रार इथेच आहे, आणि ती कोणा कारकुनाविषयी नाही. सरकार नाव, क्षेत्र आणि बिल मोजते. आमच्या पाटातून झिरपणाऱ्या पाण्यावर खालच्या वाड्यावरच्या विहिरी मे महिन्यात तग धरतात. आम्ही कुळागर मोडून प्लॉट पाडले तर त्या विहिरी आटतील, हे खालच्या वाड्यावरची पोरेसुद्धा सांगतील. ते पाणी मोजायला अर्जात रकाना नाही. दर वर्षी दिवाळीनंतर पाट साफ करून बांध घालावा लागतो, त्याला अनुदान दिले असते तर मला हेक्टरी आकड्याची चिंता राहिली नसती.

विक्रीचे थोडक्यात सांगते. सुपारीला जैविक म्हणून जास्त भाव मिळाला नाही. मिरी आणि केळी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओळखीच्या गिऱ्हाइकांनी चार पैसे जास्त देऊन घेतली. सध्या माझ्याकडे पीजीएसचे ग्रीन, म्हणजे जैविककडे वळत असलेल्या शेताचे प्रमाणपत्र आहे. बारमाही पिकांना पूर्ण जैविक दर्जा मिळायला तीन वर्षे लागतात, म्हणजे अजून सतरा महिने.

ते प्रमाणपत्र मी दारामागे लावले आहे. या जमिनीच्या कुठल्याही कागदावर शेतकरी म्हणून माझे नाव छापून आले ते त्यावरच. इन्व्हेंटरीसाठी वकिलाला गाठले आहे, लिस्बनहून मुखत्यारपत्र आले की कामाला लागायचे. नाहरकत पत्राचा मराठी मसुदा माझ्याकडे तयार आहे, कुणाला हवा असेल तर मागा.