ट्रेलरमधला गॅस: टाकी आत, बाहेर, की गॅसच नको?

आमचे धाकटे भावजी सध्या गाडीमागे ओढायचा छोटा कॅम्पर ट्रेलर बांधून घेताहेत. लोखंडी सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत दोघांपुरता पलंग. परवा त्यांचा फोन आला, "वहिनी, शेगडी कोणती घेऊ, काचेची की स्टीलची?" मी म्हटलं, "भावजी, शेगडीचं सगळ्यात शेवटी बघू. टाकी भिंतीच्या कुठल्या बाजूला बसणार ते आधी ठरवा."

आमच्या ट्रेलरला चार वर्षं झाली. इंदूरहून मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर सगळं शंभर किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे शनिवारी निघून रविवारी रात्री परत, असं आमचं चालतं. पहिल्या वर्षी आमची टाकी आत, ओट्याखाली होती. घरी असते तशीच. बसवणाऱ्यानं पत्र्याला भोक पाडून त्यातून नळी शेगडीपर्यंत नेली, भोकाला रबरी कडं काही घातलं नाही. मांडूहून परतल्यावर सामान काढताना बघितलं, तर पत्र्याच्या धारेनं नळीचं नारिंगी साल सोलून आतली तार दिसत होती. आदल्या रात्री आम्ही दारं-खिडक्या लावून त्याच ट्रेलरमध्ये झोपलो होतो. आजही ते आठवलं की माझे हातपाय गार पडतात.

म्हणून टाकी आत ठेवायचा पर्याय मी यादीतच धरत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यातला प्रोपेन सुमारे दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळाला की तो वर जात नाही, हौदात पाणी भरावं तसा तळाशी साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एका ठिणगीचं काम. लहान ट्रेलरच्या आत साधारण दहा घनमीटर हवा मावते. तेवढ्या जागेत दोन टक्के व्हायला अर्धा किलोही गॅस लागत नाही, आणि तळाशी साचत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बराच कमी पुरतो. पलंगही तळाशीच असतो.

दुसरा पर्याय टाकी बाहेर आणि शेगडी आत. पावसाळ्यात फिरणाऱ्यांसाठी, लहान मूल किंवा आजारी माणूस बरोबर असणाऱ्यांसाठी मी हाच सुचवीन, पण तो अर्धामुर्धा करून चालत नाही. टाकीची पेटी गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर, ट्रेलरच्या आतल्या भागापासून पूर्ण बंद. पेटीच्या तळाला उघडी भोकं हवीत, म्हणजे गळलेला गॅस खाली रस्त्यावर पडेल. बॅटरी किंवा इन्व्हर्टर त्याच पेटीत ठेवू नका. टाकी उभीच, पट्ट्यानं घट्ट बांधलेली. ट्रेलरखालून जाणारी वाट तांब्याच्या नळीची, ठिकठिकाणी क्लिपांनी आवळलेली, आणि जिथं ती पत्र्यातून आत शिरते तिथं रबरी कडं. रबरी नळी फक्त दोन टोकांना. ती आयएसआय शिक्क्याची, आत तार असलेली नारिंगी सुरक्षा नळीच घ्या. लांबी दीड मीटरच्या आत ठेवा आणि पाच वर्षांनी बदला.

शेगडी अशी घ्या की ज्योत विझली तर बर्नरचा गॅस आपोआप बंद होईल. घरच्या बहुतेक शेगड्यांत ही सोय नसते. ट्रेलरमध्ये दाराच्या झुळकेनंही बर्नर विझतो, म्हणून इथं ती मागून घ्यायची. गॅसचा अलार्म जमिनीलगत लावायचा, कारण वर लावलेल्या अलार्मला गॅस पोचतो तो फार उशिरा. एक किलो गॅस जळायला बारा घनमीटर हवा लागते, तेव्हा एक लहान बर्नरसुद्धा तासाभरात ट्रेलरमधल्या हवेचा पाचवा हिस्सा वापरतो. खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या कायम उघड्या हव्यात. डिसेंबरात थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून ऊब घेत बसू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

आम्ही आता तिसऱ्या पर्यायावर आलो आहोत: टाकी आणि शेगडी दोन्ही बाहेर, मागच्या दाराशी ओढून काढायचा ओटा. गळती झालीच तर ती उघड्यावर होते. वारा त्रास देतो हे खरं, चोरलच्या बाजूला एकदा पोहे होईपर्यंत अर्धा तास गेला. आडोसा बर्नरच्या तीन बाजूंनी लावावा, टाकी त्याच्या बाहेर ठेवावी. वर्षातून पाच-सहा वेळा जाणाऱ्यांना माझं मत ठामपणे हेच आहे, आणि भावजींनाही मी हेच सांगितलं.

गॅसच्या काडतुसावर, म्हणजे छोट्या पत्र्याच्या डब्यावर चालणारी चपटी शेगडी चहापुरती उत्तम. सव्वादोनशे ग्रॅमचं काडतूस मोठ्या आचेवर सव्वा तासभर चालतं, त्यामुळे चार माणसांच्या वरणभाताला महाग पडतं. आत बहुधा ब्युटेन असतो. तो शून्याच्या जवळ वायू व्हायचा थांबतो, आणि जळताना काडतूस स्वतःच गार होत जातं, म्हणून पचमढीच्या थंडीत ज्योत मरगळते. उलट मे महिन्यात बंद गाडीत काडतुसं ठेवू नयेत. पन्नास अंशांवर ती तापू द्यायची नसतात आणि उन्हातली गाडी तेवढी सहज तापते.

इंडक्शनला गळतीची भीती नाही, पण हिशोब बघा. बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम १.२ युनिट असतात. लेड-ॲसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे. पंधराशे वॅटचा इंडक्शन ते पंचवीस मिनिटांत संपवतो. मुक्कामी वीज मिळणार असेल तरच याचा विचार करा.

कोणी अमेरिकेहून प्रोपेनची शेगडी आणून देतो म्हणालं, तर सांभाळून. तिकडच्या ट्रेलरमधली कमी दाबाची शेगडी ११ इंच पाण्याच्या दाबावर, म्हणजे सुमारे २७ मिलिबारवर चालते. आपला घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारचा, म्हणून दाब जवळपास जुळतो, पण आपल्या टाकीत प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं आणि जोडाचे आटेही वेगळे. प्रोपेनची छोटी बाटली थेट लावायच्या शेगडीचा रेग्युलेटर तिच्यातच असतो, ती आपल्या रेग्युलेटरवर नुसती मिणमिणते. मग कोणीतरी सल्ला देतं की मोठा, जास्त दाबाचा रेग्युलेटर लावा. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री जिलबीच्या कढईखाली गरजते त्या भट्टीचा तो रेग्युलेटर. ट्रेलरच्या शेगडीला तो कधीही लावू नका.

टाकी ५ किलोची, 'छोटू' नावानं मिळते ती पुरते. घरची १४.२ किलोची भरली की तीस किलोच्या आसपास जाते आणि नियमानं ती घरच्या स्वयंपाकासाठीच आहे. रेग्युलेटर त्या टाकीच्या व्हॉल्व्हचाच, टाकीबरोबरच घ्यावा.

जोडणी झाली की बर्नर बंद ठेवून टाकी उघडायची आणि साबणाचा दाट फेस ब्रशनं प्रत्येक जोडावर लावायचा. काडी ओढून बघायची नाही. बुडबुडा फुगला की टाकी बंद, जोड पुन्हा. चालत्या गाडीत गॅस नेहमी टाकीपाशीच बंद असावा. खडबडीत रस्त्यानंतर मुक्कामी पोचलं की चहाच्या आधी पुन्हा फेस. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण ना लावायचं ना बंद करायचं, सगळ्यांना बाहेर काढायचं, टाकी बंद करायची आणि लांब जाऊन १९०६ ला फोन लावायचा. हा नंबर आमच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगानं लिहिला आहे.