नॉर्डश्लायफेवर 'सात मिनिटांच्या आत' विकणाऱ्यापासून सावध राहा

नागपुरात आणि विदर्भात सिम रेसिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी कार रेसिंग करणाऱ्या सगळ्या मुलांसाठी हे लिहितो आहे. त्यांच्या आईवडिलांनीही वाचलं तर फार बरं होईल. न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफे ट्रॅकवर "पंधरा दिवसांत सात मिनिटांच्या आत, नाहीतर पूर्ण पैसे परत" एक फेरी, असं सांगून कोचिंग आणि सेटअप (गेममधल्या गाडीच्या स्प्रिंग, टायर वगैरेंच्या सेटिंगची फाइल) विकणारा एक जण आपल्या इकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांमध्ये फिरतो आहे. माझे साडेदहा हजार रुपये त्याने घेतले. ओळखीतल्या आणखी चौघांचे घेतले, आणि त्यातला एक सक्करदऱ्याचा बारावीतला मुलगा आहे.

त्याने हाच ट्रॅक का निवडला, ते आधी सांगतो. नॉर्डश्लायफे १९२७ मध्ये सुरू झाला. जर्मनीच्या आयफेल डोंगरात, जंगलातून जाणारी २०.८ किलोमीटरची एक फेरी, सत्तरच्या वर वळणं आणि सुमारे ३०० मीटरचा चढउतार. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटच्या चार फेऱ्या मारल्या तरी हिची एक पूर्ण होत नाही. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टने या ट्रॅकला 'हिरवा नरक' म्हटलं, आणि १९७६ मध्ये दुसरा ड्रायव्हर निकी लाउडाची गाडी इथेच पेटली. सिममध्ये जीव जात नाही, पण शिकणं तितकंच अवघड राहतं. लहान ट्रॅकवर चुकलेलं वळण दीड मिनिटात पुन्हा समोर येतं. इथे ते सात मिनिटांनी येतं, आणि तोवर हाताने काय केलं होतं हे डोकं विसरलेलं असतं. सहाव्या मिनिटाला चाक गवतावर गेलं की अख्खी फेरी वाया. महिनोन्‌महिने चालवूनही वेळ सात मिनिटं वीस-पंचवीस सेकंदांवर अडकून राहते. अशा वेळी कोणी शॉर्टकट सांगितला तर माणूस कान टवकारतोच. त्याचा सगळा धंदा याच अधीरतेवर चालतो.

माझ्याशी तो बोलला तेव्हा अगदी जाणकारासारखा बोलला. माझा रिप्ले, म्हणजे फेरीचं रेकॉर्डिंग मागवलं, रात्री फोन केला. "भाऊ, तुमचा हात चांगला आहे, फक्त ब्रेक पॉइंट चुकून राहिला. माझ्या पोरांना मी पंधरा दिवसांत सातच्या आत आणलं." सोबत स्वतःच्या फेरीचा व्हिडिओ पाठवला. तीच जीटी३ (रेसिंगसाठी बनवलेली स्पोर्ट्स कार) गाडी, तोच ट्रॅक, वेळ ६ मिनिटं ४१ सेकंद. कोचिंगचे साडेसहा हजार आधी, मग 'प्रो सेटअप पॅक'चे चार हजार. पैसे एका वैयक्तिक यूपीआय खात्यावर घेतले. पावती मागितली तर "अकाउंटंट पाठवेल" म्हणाला. ती कधीच आली नाही.

कोचिंग म्हणून जे मिळालं ते पाच-दहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज. सगळ्यांचा सूर एकच: ब्रेक उशिरा मारा, गॅस लवकर द्या, मन घट्ट ठेवा. ज्याने हा ट्रॅक चालवला आहे तो असं सरसकट सांगूच शकत नाही. श्वेडनक्रॉइत्स नावाच्या वळणावर गाडी उंचवट्यावरून भरधाव डावीकडे वळते आणि तिथे ती हलकी झालेली असते. पुढच्या आरेम्बर्गसाठी ब्रेक मारायचा तो गाडी पुन्हा जमिनीवर नीट बसल्यावर, आणि स्टिअरिंग सरळ करून. तिथे 'उशिरा ब्रेक' मारला की मागचं टोक सुटतं. फुक्सरोएरेच्या उतारावरून तळाशी गाडी दबते, मग चढ लागतो आणि वर आडेनाउअर फोर्स्टची वळणं दिसतच नाहीत. तिथे उशीर म्हणजे थेट गवत. हे मी त्याला विचारलं तर उत्तर आलं, "ते अ‍ॅडव्हान्स लेव्हलला घेऊ."

मग मी त्याचा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात इंधनाचा आकडा होता. फेरी सुरू झाली तेव्हा १४. कारुसेल या वळणाच्या काँक्रीटमध्ये गाडी उतरली तेव्हा १४. डोटिंगर होएच्या लांब सरळ रस्त्यावर फेरी संपत आली तेव्हाही १४. जीटी३ गाडी वीस किलोमीटर फुल गॅसवर पळते आणि एक लिटरही जळत नाही, हे फक्त गेममध्ये इंधनाचा खप बंद केला तरच होतं. टायरची झीजही तशीच बंद करता येते. आणि त्याच सरळ रस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये माझी गाडी जिथे लिमिटरला (इंजिनच्या फेऱ्यांच्या मर्यादेला) टेकते, त्याच्या बऱ्याच पुढे त्याचा वेगाचा काटा गेला होता. त्या गाडीचे गिअर रेशो सेटअपमध्ये बदलता येत नाहीत. म्हणजे गाडीच्या मूळ फाइल्समध्येच हात घातलेला होता. तशा गाडीत ६:४१ आणणं म्हणजे काहीच नाही.

सेटअप पॅकचं तर आणखी सोपं निघालं. असेट्टो कोर्सा या आमच्या रेसिंग गेममध्ये सेटअपची फाइल साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते. त्याची फाइल आणि गेमसोबत येणारी मूळ फाइल शेजारी ठेवून पाहिल्या. स्प्रिंग, डॅम्पर, विंग, डिफरेन्शिअल, सगळं तेच. इंधन आणि चारही टायरांचा दाब, एवढेच आकडे बदललेले. चार हजार रुपये त्याचे.

पॅकमध्ये एक इन्स्टॉलरही होता, आणि "चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा" अशी सूचना होती. मी तो चालवला नाही. सेटअपची फाइल नुसती योग्य फोल्डरमध्ये ठेवायची असते, तिला कसल्याही इन्स्टॉलरची गरज नसते. सक्करदऱ्याच्या मुलाने तो चालवला. दुसऱ्या दिवशी त्याचं स्टीम खातं, म्हणजे ज्यावर गेम विकत घेतात ते खातं, त्याच्या हातात नव्हतं. पासवर्ड बदललेला, ईमेलही बदललेला. आत त्याने वाढदिवसांच्या पैशांतून घेतलेले सगळे गेम होते. मला म्हणाला, "दादा, घरी नका सांगू. बाबा स्टिअरिंग व्हीलच विकून टाकतील." त्याच्या बाबांशी मी नंतर बोललो, त्याच्यासमोरच बोललो. ते पोरावर ओरडले नाहीत, उलट त्याच्यासोबत बसून स्टीम सपोर्टला खरेदीचे जुने पुरावे पाठवले. लहान मुलाला भीती वाटते म्हणून तो गप्प बसतो, आणि फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. मला सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीचा येतो.

पैसे परत मागितल्यावर त्याने मला क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल." इथे प्रत्येकाने थांबावं. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. मी नकार दिला, आणि त्याने मला ब्लॉक केलं.

आता मुद्द्याचं: या ट्रॅकवर वेळ खरंच कमी होते, पण ती कुठून येते ते पाहा. माझी सगळ्यात मोठी सुधारणा एकाच वळणातून आली, बेर्गवेर्कमधून. ते मंद, उजवीकडचं वळण आहे, आणि त्यानंतर केसलखेनचा लांब चढ लागतो. मी तिथे आत जाताना घाई करायचो आणि बाहेर पडताना गॅस द्यायला उशीर व्हायचा. समजा पुढचे दोन किलोमीटर सरासरी १८० ऐवजी १७५ च्या वेगाने गेले, तर ४० सेकंदांच्या जागी ४१.१ लागतात. सेकंदाहून जास्त वेळ, आणि तो गेला त्या एका वळणाच्या शेवटच्या काही मीटरमध्ये. ब्रेक आधी मारला, आत हळू गेलो, गॅस आधी आणि पूर्ण दिला. सेटअपला हातही लावला नव्हता. मोटेकचं आय२ हे टेलिमेट्रीचं, म्हणजे फेरीतला वेग, ब्रेक, गॅस यांच्या नोंदी दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आपल्याच दोन फेऱ्यांच्या वेगाच्या रेषा एकावर एक ठेवल्या की कुठे गमावलं ते डोळ्यांना दिसतं. ट्रॅकचे तुकडे करा. हात्सनबाखपासून फ्लुगप्लात्सपर्यंत एक, तिथून आडेनाउअर फोर्स्टपर्यंत दुसरा, असं करत एका वेळी एकच तुकडा पक्का करा. मे महिन्यात कूलर लावूनही खोलीत घाम निघतो आणि एकाग्रता टिकत नाही, तेव्हा तर पूर्ण फेरीचा हट्टच धरू नका.

चांगले कोच नसतात असं मी म्हणत नाही. पैसे घेऊन प्रामाणिकपणे शिकवणारे आहेत, आणि त्यांचं काम मोलाचं आहे. पण तो माणूस तुमच्यासमोर त्याच सर्व्हरवर, त्याच गाडीत, झीज आणि खप चालू ठेवून फेरी मारून दाखवेल. त्या फेरीची टेलिमेट्री फाइलही देईल. व्हिडिओवर समाधान मानू नका. आणि ठरावीक दिवसांत ठरावीक सेकंदांची हमी देणाऱ्याला एक पैसाही आगाऊ देऊ नका.

ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी आजच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितका लवकर कराल तितकी पुढच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका, पाच जणांच्या तक्रारीत एकच यूपीआय आयडी दिसला तर पोलिसांनाही धागा मिळतो. चॅट डिलीट करू नका, व्हॉइस मेसेज फोनमध्ये उतरवून ठेवा, बँकेच्या स्टेटमेंटमधला व्यवहार क्रमांक लिहून घ्या. इन्स्टॉलर चालवला असेल तर दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग स्टीमचा, मग बँकेचा. तो कॉम्प्युटर फॉरमॅट करेपर्यंत त्यावर बँकेचं काहीही उघडू नका.

अमरावती आणि वर्ध्याच्या ग्रुपांवरही तोच ६:४१ चा व्हिडिओ आल्याचं मला दोघांनी सांगितलं आहे. तुमच्याकडे आला असेल तर इंधनाचा आकडा पाहा, आणि ज्या नंबरवरून आला त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.