हिशेबाचा सराव: पुस्तिका की भाजीबाजार?

सहावीतल्या लेकीला पैशांच्या उदाहरणांचा सराव हवाय. सरावपुस्तिका आणू की तिला बाजारात धाडू, असं मावसबहिणीने विचारलं.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. खरा फरक डोकं कसं चालतं यात आहे. कांदे ३६ रुपये किलो, घेतले पाऊण किलो, म्हणजे २७ रुपये. पन्नासची नोट दिली की २३ परत. मागे गिऱ्हाईक उभं असतं, त्यामुळे तोंडी हिशेब पक्का होतो. मात्र रोखच द्या. क्यूआर स्कॅन केला की सुट्ट्यांचा हिशेबच उरत नाही. शिवाय सुरुवातीला सोबत जावं लागतं.

शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज यांचा पुरेसा सराव मंडईत होत नाही. त्यासाठी पुस्तिकाच, तीही पायऱ्या लिहून.

वजाबाकीत अडखळणाऱ्याच्या हाती पिशवी द्या. तोंडी चटपटीत पण मांडणीत गुण घालवणाऱ्याला पुस्तिका.